दोन बोटांचं तोंड

"लाजू नका नाना, तोंड उघडा," असं स्नेहल म्हणाली आणि खोलीतले सगळे हसले.

सहादू हसला नाही. त्याने योगिनीकडे पाहिलं. त्याची लेक सकाळीच वणीहून आली होती, थोरल्या चुलत्यासाठी डब्यात तांदळाची पेज घेऊन. तिचाही चेहरा उतरला होता. बापलेकीला एकच गोष्ट आठवली आणि दोघांनीही ती गिळून टाकली.

खाटेवर पुंजानाना मांडी घालून बसला होता. दवाखान्याचा हिरवा झगा घालूनसुद्धा डोक्यावरची टोपी त्याने काढली नव्हती. आतड्यात गाठ निघाली होती, ती उद्या सकाळी काढायची होती. पेशंटजवळ एकच माणूस असा तिथला नियम, पण नानाच्या खोलीत पाच माणसं होती. बायको झुंबरबाई पायाशी, मुलगा अमोल उशाशी, सून स्नेहल दाराशी, आणि हे दोघे खिडकीजवळ. नानाला असंच लागायचं. दिंडोरीच्या मळ्यावर कांद्याची रोपं टाकायची असली तरी तो घरातली सगळी माणसं बांधावर उभी करायचा.

भूल देणाऱ्या डॉक्टर समोर उभ्या होत्या. स्वरदा मॅडम म्हणत त्यांना. वयाने योगिनीएवढ्याच असतील. त्यांनी नानाला मान मागे टाकायला लावली, आ करा म्हणाल्या. नानाने ओठ विलग केले, दात दाखवले आणि पुन्हा मिटले.

"एवढंच उघडतं? तीन बोटं उभी जायला हवीत."

"दाढ दुखती," नाना म्हणाला.

"किती दिवस?"

"हायेत झाले थोडे."

त्यांनी तंबाखू, सुपारी, गुटखा असं एकेक नाव घेऊन विचारलं. नानाने गळ्यातली तुळशीची माळ बोटाने पुढे ओढली. अमोल म्हणाला, मॅडम, आमचे नाना शाळा समितीचे अध्यक्ष आहेत, शाळेजवळची पानटपरी त्यांनीच उठवली. स्नेहलने मान हलवली. झुंबरबाईने पदराचं टोक दातात धरलं आणि जमिनीकडे बघत राहिली.

मॅडमनी बॅटरी काढली आणि गाल आतून बघू द्या म्हणाल्या. नानाने तोंड फिरवलं. दाढ दुखती म्हणून सांगितलं ना, म्हणाला.

त्या चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि सगळ्यांना कळेल असं बोलल्या. "दाढ दुखत असेल तर भूल दिल्यावर जबडा सैल पडतो, काही अडचण नाही. पण गाल आतून कडक झाले असतील तर कुठल्याच औषधाने ते सैल होत नाहीत. माणूस झोपतो, त्याचा श्वास बंद होतो, तो आम्हाला नळीतून द्यावा लागतो. आणि तेव्हा नळी घालायला तोंडच उघडत नाही. हे मला झोपवण्याच्या आधी कळायला हवं, नंतर नाही." कडक असेल तरी मार्ग आहे, त्या म्हणाल्या. पेशंट जागा असतानाच, नाक आणि घसा बधिर करून, कॅमेऱ्याची बारीक नळी नाकातून घालता येते. शेजारी गळ्याचे सर्जन उभे ठेवायचे, अगदीच अडलं तर गळ्याला छोटं छिद्र पाडायला. पण बघितल्याशिवाय मी भूल देणार नाही. खालच्या मजल्यावरचा पेशंट बघून येते, तोवर ठरवा.

त्या गेल्या आणि अमोल पेटला.

त्याने सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात घेतलं. दाढ दुखण्यावरून गळ्याला भोक पाडायची भाषा कशी काय निघते, असं त्याचं म्हणणं होतं. ही पोरगी घाबरट आहे, नवीन आहे. त्याच्या ओळखीच्या एकाचं विंचूरकडे दवाखान्यात वजन होतं, तिथे उद्याच्या उद्या ऑपरेशन होईल, असले नखरे नाहीत. स्नेहल नवऱ्याच्या बाजूने बोलत होती, पण मधेच म्हणाली, तपासून घेतलं तर काय बिघडेल? अमोलने तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली.

"आप्पा, तुम्ही काय म्हणता?" अमोलने सहादूला विचारलं.

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत, स्टार्टरच्या मागे, नानाच्या गुटख्याच्या पुड्या असतात हे सहादूला ठाऊक होतं. विहीर दोघा भावांच्या सामाईकीतली. पाळीला मोटार चालू करायला गेलं की पुड्या दिसायच्या. माळ घातल्याला बरीच वर्षं झाली, पुड्या त्याच्याही आधीच्या. घास घेताना नाना भाकरी दुधात कुस्करून का खातो, मिरचीचा ठेचा त्याने का सोडला, हेही सहादूला दिसत होतं. माळकरी झाल्यापासून तिखट सोडलं असं नाना लोकांना सांगायचा आणि लोक त्याच्या पाया पडायचे.

आणि त्याला वाटलं, गप्प बसावं.

हा विचार त्याच्या मनात आला तो काही चोरपावलांनी आला नाही. समोरून आला. जाऊ दे याला विंचूरला. म्हणू दे दाढ दुखते. मालनला, त्याच्या बायकोला, जसं झोपवलं तसं यालाही झोपवू दे, आणि मग अमोलला कळू दे व्हरांड्यात उभं राहणं म्हणजे काय असतं.

गेल्या साली द्राक्ष काढणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मालनबाईच्या पित्ताशयात खडे झाले होते. नाशकातला एक छोटा दवाखाना नानाने ठरवला, गाडी नानाने काढली, आणि डॉक्टर तपासायला आले तेव्हा खाटेच्या पायाशी नानाच उभा राहिला. सहादूला औषधं आणायला खाली पाठवलं होतं. पुढचं त्याला योगिनीकडून कळलं. भुलीच्या डॉक्टरने मालनला विचारलं, तंबाखू, सुपारी काही खाता का? मालनने थोरल्या दिराकडे पाहिलं आणि पदर ओढला. नाना म्हणाला, आमच्या घरात कोणी नाय खात. डॉक्टर म्हणाला, आ करा. मालनने पदराआड तोंड उघडलं.

लग्न होऊन आल्यापासून ती या माणसापुढे तोंड उघडून हसली नव्हती. जेवली नव्हती. जांभई आली तरी पाठ फिरवायची. गोठ्याच्या मागे बसून झुंबरबाई आणि ती सुपारीची खांडं चघळायच्या, आयुष्यभर. तिचे गाल आतून चामड्यासारखे झाले होते, पण ते पदराच्या आत होते. डॉक्टर हसला. आजी लाजतात, म्हणाला. नानाही हसला. घाईत होता तो डॉक्टर, पुढच्या खाटेकडे गेला.

लाजेने मिटलेलं तोंड झोपेत सैल पडलं असतं. तिचं पडलं नाही.

ती गेल्यावर फाडून बघायचं का, असं कोणीतरी विचारलं तेव्हा नाना म्हणाला, आमच्या बाईला चिरायचं नाय. गावात अॅटॅक आला असं सांगितलं. ते नानानेच सांगितलं आणि गावाने ऐकलं. सहादू तेव्हा भिंतीला टेकून बसला होता, त्याला कोणी काही विचारलंच नाही. मालन सुपारी खाते हे त्याला माहीत होतं. आधीही कोणी विचारलं नव्हतं.

"आप्पा," अमोल पुन्हा म्हणाला, "बोला की. गाडी सांगू का विंचूरची?"

"तुझ्या बापाला इचार," सहादू म्हणाला, "तोंडात तीन बोटं जात्यात का."

"म्हणजे?"

"म्हणजे दाढ दुखत नाय. गुटख्याने तोंड बसलंय त्याचं."

अमोलच्या कानशिलाची शीर फुगली. आवाज खाली ठेवायचा म्हणून तो जवळ आला. आप्पांना काकू गेल्यापासून नानांचं काहीच बघवत नाही, हे सगळ्या भावकीला माहीत आहे, म्हणाला. द्राक्षाला पाणी द्यायच्या पाळीवरून भांडतात, बांधावरच्या आंब्यावरून भांडतात. आता आजारपणातही भांडण काढायचं का? त्या बिचाऱ्या माणसाच्या गळ्यात माळ आहे.

"आप्पा, आज नको," योगिनी सहादूच्या दंडाला धरून म्हणाली.

सहादूने लेकीचा हात काढला. हळूच काढला, पण काढला. "तू व्हतीस ना तिथं. आई लाजती म्हणून डॉक्टर हसला, तवा तू व्हतीस. आत्ता ह्या पोरीनं तेच म्हणलं, लाजू नका. ऐकलं का नाय तू?"

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. स्नेहलला काहीच कळेना. मी काय वाईट बोलले, असं ती पुटपुटली.

"काकूंना अॅटॅक आला होता," अमोल म्हणाला.

"अॅटॅक तुझ्या बापाच्या तोंडातून आला. हातरुणात झोपलेल्या बाईच्या तोंडात नळी घालता येईना म्हणून ती गेली. गुदमरून गेली. आन् का घालता येईना ते आजवर कोणी इचारलं नाय, कारण इचारलं तर नानाच्या घरातली बाई सुपारी खाती असं झालं असतं."

व्हरांड्यात बसलेली परकी माणसं बघायला लागली. अमोलने हात उगारला नाही, पण त्याची मूठ वळली होती. तेवढ्यात झुंबरबाई पुढे आली. ठेंगणी, काटक बाई. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती आणि त्याचा तिला अभिमान होता.

"भाऊजी खरं बोलत्यात," ती म्हणाली.

"आई, तू नको मधे पडू."

"मंग कोण पडंल? तुझा बाप पुड्या खातो. मी धुते त्याचे सदरे, मला माहीत नाय का खिशाला कसला वास येतो? तोंडात भाकरी जात नाय म्हणून दुधात कालवून देते मी. आन् मालनच्या गालाला पीळ पडला व्हता ते बी मला माहीत व्हतं. तिला घास झोंबायचा. मी सांगाया पायजे व्हतं, पण हे समोर उभे." ती थांबली. "आता बी हे समोर बसल्यात म्हणून गप बसले. आता नाय बसणार."

अमोल भिंतीकडे वळला. सहादूने खोलीचं दार ढकललं. मागून झुंबरबाई येऊ लागली तसा तो वळून म्हणाला, "कोणी आत यायचं नाय. वहिनी, तुम्ही बी नाय. स्नेहल, डॉक्टरला बोलवून आण, आन् मग बाहेरच थांब."

"पण आप्पा, मी तर…"

"तुझ्यापुढंच तर तो खोटं बोलतोय, पोरी. सासरा हाय तुझा. जा."

त्या दिवशीही कोणीतरी एवढंच करायला हवं होतं. नाना, बाहेर व्हा, असं एकाने म्हणायला हवं होतं. मालनने पदर बाजूला केला असता.

नाना तसाच मांडी घालून बसला होता. व्हरांड्यातलं सगळं त्याने ऐकलं असणार. सहादूने दार लावलं आणि स्टुलावर बसला.

"गावभर केलंस," नाना म्हणाला.

"गाव कुठं हाय हितं? नाशिक हे."

"समदे ऐकत व्हते बाहेर."

"ऐकू दे."

खालून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. नानाने टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "तू बाहेर असं बोलशील हे मला वाटलं नव्हतं. मला वाटलं गप बसशील."

"मला बी तसंच वाटलं व्हतं."

नानाने त्याच्याकडे पाहिलं. सहादूने नजर हलवली नाही. जे मनात आलं होतं ते आलं होतं, त्याला ते लपवायचं नव्हतं. भावाला ते कळलं, आणि भावाने मान खाली घातली.

"तोंड उघड," सहादू म्हणाला.

"डॉक्टर बघतील."

"डॉक्टर येतील तवा येतील. मला दाखव आधी. कवापासून असंय?"

नानाने तोंड उघडलं. सहादूने बोटं उभी करून दातांच्या मधे धरली. दोन बोटं गेली, तीही घासत. तिसरं जाईना. त्याने जोर केला नाही. आत गाल पांढरे पडले होते, दोरखंडासारख्या वळ्या दिसत होत्या. मालनचं तोंड त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. एवढी वर्षं बरोबर काढली आणि बायकोच्या तोंडात काय आहे हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याने बोटं काढून विजारीला पुसली.

"मी भितो सहादू," नाना म्हणाला. "ती बाई म्हणती जागेपणी नळी घालायची. नाकातून. मला नाय जमायचं. झोपवून टाका अन् काय व्हायचं ते व्हऊ द्या."

"झोपवून टाकलं मालनला."

"मला वाटलं व्हतं ती खरंच लाजती."

"तुला वाटलं नाय. तू बघितलंच नाय. तुझ्यापुढं तिनं तोंड उघडायचं नाय हे तुला बरं वाटायचं. समद्या भावकीत सांगायचास, धाकट्याची बायको अजून वर मान करत नाय म्हणून."

मग अगदी लहान आवाजात नानाने विचारलं, "तिला कळलं आसंल का रं? गुदमरताना?"

हा प्रश्न सहादू वर्षभर उशाशी घेऊन झोपत होता. दुसऱ्या कोणाच्या तोंडून, आणि तेही याच्या तोंडून, तो ऐकायला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"ते तू डॉक्टरला इचार," तो म्हणाला. "माझ्यानं आजवर इचारवलं नाय."

दारावर टकटक झाली. मॅडम एकट्याच आत आल्या. सहादू उठला आणि बाहेर जाऊ लागला, तसा नाना म्हणाला, थांब. मग त्याने गळ्यातली माळ मुठीत धरली आणि डॉक्टरला पुडीचं नाव सांगितलं, दिवसाला किती खातो ते सांगितलं, आणि आ केलं. मॅडमनी बॅटरी लावून आत पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आश्चर्य. बरं झालं सांगितलंत, एवढंच म्हणाल्या आणि फोन काढून उद्याची तयारी बदलायला लागल्या.

फोन झाल्यावर नानाने त्यांना तो दुसरा प्रश्नही विचारला. नाव घेतलं नाही. आमच्यातल्या एका बाईचं असं झालं, म्हणाला. मॅडमनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सहादूकडे. नळीची वेळ येते तेव्हा माणूस पूर्ण झोपलेला असतो, त्या म्हणाल्या. तिथे मी नव्हते, म्हणून खात्रीने सांगणार नाही. पण बहुतेक नसेल कळलं.

सहादू परत स्टुलावर बसला.

सकाळी नानाला न्यायला आले तेव्हा अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. टोपी झुंबरबाईने घेतली. माळ काढताना नानाचा हात थांबला. ती एकदा घातली की मरेपर्यंत काढायची नसते. अमोलने हात पुढे केला होता, पण नानाने ती सहादूच्या हातात दिली. सहादू म्हणाला, "परत येऊन घे. मी ही जन्मभर सांभाळणार नाय." ओठ मिटून छताकडे बघत नाना गेला.

मग व्हरांड्यातलं बसणं. झुंबरबाई सप्तशृंगीचं नाव घेत होती. योगिनी आणि स्नेहल एका बाकावर टेकल्या होत्या. रात्री दोघींचं काय बोलणं झालं कोणास ठाऊक, पण स्नेहलचे डोळे सुजले होते. अमोल येरझाऱ्या घालत होता आणि चुलत्याच्या जवळ आला की मागे फिरत होता.

दार उघडून मॅडम बाहेर आल्या. सगळे उठले.

"नळी गेली," त्या म्हणाल्या. "थोडं खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, पण सांगितलं तसं केलं त्यांनी. आता झोपलेत. सर्जननी सुरुवात केली आहे."

झुंबरबाईने हात जोडले. अमोलने भिंतीला कपाळ टेकवलं. सहादू पुढे झाला.

"एवढंच व्हतं?" त्याने विचारलं.

"हो. आधी कळलं होतं म्हणून."

मॅडम आत गेल्या. सहादूला बरं वाटायला हवं होतं. भाऊ वाचण्याच्या वाटेला लागला होता. पण त्याच्या छातीत रागाचा असा लोट उठला की समोरची खुर्ची उचलून आपटावी. थोडं खोकणं. डोळ्यांतून पाणी. एवढंच. एवढ्यासाठी त्याची बायको गेली होती.

योगिनीने चहाचा कागदी पेला पुढे केला. त्याने घेतला नाही. अमोल जवळ येऊन उभा राहिला, या वेळी मागे फिरला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, आप्पा, तुम्ही घरी जाऊन पडा थोडं. छाटणीची माणसं आलीत, त्यांच्याकडेही बघायला कोणी नाही. नाना शुद्धीवर आले की फोन करतो.

"मी हलणार नाय हितून," सहादू म्हणाला. माळ त्याने मुठीत आवळून धरली होती. "तो शुद्धीवर आला की आधी मला आत सोडायचं."

"कशाला?"

"भांडायचंय त्याच्याशी. वर्षभराचं राहिलंय."